हातांची पातळी

करसेतूचा तिसऱ्या वर्षाचा अहवाल इतका निर्दोष होता, की डॉ. हेमांगी टिपणीसला त्याचाच संशय येऊ लागला.

पाषाणच्या प्रयोगशाळेत तिच्यासमोर डॉ. फारूक इनामदार खुर्ची मागे झुकवून बसला होता. आकडेमोड सगळी त्याची, आणि त्यावर तो बेहद्द खूश होता.

करसेतू हेमांगीने बनवला होता. दोन माणसांच्या डोक्यांवर दोन शीर्षपट्टे, एक गाइडच्या आणि एक पाहुण्याच्या. गाइडच्या हातांचं शहाणपण, म्हणजे आईस ॲक्स बर्फात कुठे हाणायचा, मनगट कधी सैल सोडायचं, वजन कोणत्या पायावर ठेवायचं, हे सगळं पट्ट्यातून पाहुण्याच्या हातापायांत उतरायचं. सोसायटीचा जिना चढायलाही लिफ्ट शोधणारा माणूस हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरायचा, बर्फाची उभी भिंत चढायचा, वर जाऊन फोटो काढायचा आणि जेवायला तळावर हजर. ‘हिमविहार’ कंपनीचा धंदा या पट्ट्यांवर फोफावला होता. गाइडचं यात काही जात नाही, दिव्यावर दिवा लावावा तसं आहे, असं कंपनी सांगायची. हेमांगीही तेच मानत होती.

“बेरीज बघ,” फारूक म्हणाला. “गाइड आणि पाहुणा, दोघांचे कौशल्यांक मिळून. चढाईच्या आधी जेवढी, तेवढीच चढाईनंतर. शेकडो जोड्या तपासल्या. इतकं सुरक्षित यंत्र मी आयुष्यात पाहिलं नाही.”

“आपण बेरीजच का मोजतो रे?”

“विमा कंपनीची अट. बर्फावर असेपर्यंत पट्टा काढायचा नाही. पट्टा चालू असला, की जोडीचंच मोजमाप मिळतं. का?”

हेमांगीला दिवाळी आठवली. तिचा धाकटा भाऊ अवधूत हिमविहारचा सगळ्यात जुना गाइड. दिवाळीत तो पुण्याला आला होता, आणि सोळाव्या वर्षी अनवाणी चढायचा त्या सह्याद्रीतल्या सुळक्यावर गेला होता. पुरुषभर उंचीवरून खाली उतरला. “वय झालं, ताई,” म्हणाला आणि हसला. एकेचाळीस हे काय वय झालं? ते हसू तिला आवडलं नव्हतं.

“समजा, पट्ट्यातून दिलं जात नाही, वाटून घेतलं जातं,” ती म्हणाली. “तरी बेरीज तीच राहील.”

फारूकची खुर्ची सरळ झाली.

“आठवण जागी केल्याशिवाय वाचता येत नाही,” ती पुढे म्हणाली. “जागी केली की ती मऊ पडते आणि काम झालं की पुन्हा घट्ट होते. हे तर पाठ्यपुस्तकातलं आहे. आपण ती मऊ असतानाच दुसऱ्या मेंदूला जोडतो. मग घट्ट होताना ती कोणाच्या आकाराची होणार?”

“दोघांच्या मधल्या.” फारूकचा आवाज उतरला. “तळाशी नळीने जोडलेल्या दोन टाक्यांसारखं. भरलेलीतलं पाणी रिकामीत जाणार. पातळी सारखी होईपर्यंत.”

“आणि मग ती रिकामी आलेली टाकी विमानात बसून घरी जाते. दुसऱ्या दिवशी नवी रिकामी टाकी येते.”

“पण मग पाहुणा तरबेज होऊन घरी जायला हवा.”

“आणि घरी जाऊन काय चढणार? फ्लायओव्हर?”

जोडीच्या नोंदींमधून एकेकाचा आकडा सोडवायला त्यांना आठवडा लागला. सगळ्या गाइडांचे आकडे घसरले होते. सगळ्यात जास्त अवधूतचा, कारण तो सगळ्यात चांगला होता आणि म्हणून त्याला सगळ्यात जास्त मागणी होती. पंचवीस वर्षं बोटं सोलवटून कमावलेलं त्याने तीन मोसमांत बिल्डरांना आणि डॉक्टरांना वाटून टाकलं होतं, आणि ते त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. हेमांगी त्या दिवशी रडली. मग अवधूतच्या तळावर जायला तिने हिमालयातल्या झंस्कारचं तिकीट काढलं.

शाग्मा हिमनदीवर पायी जायला वाट नाही. हेलिकॉप्टरने तिला तळावर सोडलं, तेव्हा सकाळचं ऊन भिंतीवर पडलं होतं. निळसर बर्फाची उभी भिंत, पंधरा मजली इमारतीएवढी. तळावरची माणसं म्हणाली, अवधूतसर चढाईवर आहेत, दप्तरदारसाहेबांबरोबर.

श्रीरंग दप्तरदार हा नाशिकचा कारखानदार. मोसमाला चार-पाच खेपा करायचा आणि दर वेळी वेगळा गाइड मागायचा, कारण तोचतोचपणाचा त्याला कंटाळा. आज तर त्याने पुढे चढायचा हट्ट धरला होता. तो भिंतीच्या माथ्यावर पोचून दोर ओढून घेत होता आणि अवधूत त्या दोरावर मध्यावर होता. दोघांच्या कपाळांवर पट्टे होते.

हेमांगीने तळावरचं वॉकीटॉकी घेतलं. वॉकीटॉकीची वाहिनी एकच आणि ती सगळ्यांना ऐकू जायची. दोरावरच्या माणसांत गुपित नको, हा गाइडांचा जुना शिरस्ता. एकाने लपवलेली गोष्ट दुसऱ्याच्या जिवावर येते.

“अवधूत, मी ताई बोलतेय.”

“ताई? तू इथे कशी?”

“आधी पट्टा काढ. तुझे हात जातायत, अवधूत. तो सुळका चढता आला नाही ना, ते वय नव्हतं. ते हे होतं.”

आणि तिने सगळं सांगितलं. मऊ पडणारी आठवण, दोन टाक्या, मधली नळी. किती दिवस छातीवर घेऊन फिरत होती, ते एकदम बाहेर आलं. अवधूत ऐकत राहिला. बर्फावर कपाळ टेकवून ऐकत होता, हे तिला खालून दिसत होतं.

“डॉक्टर,” माथ्यावरून दप्तरदारचा आवाज आला. त्यात राग नव्हता, उत्सुकता होती. “म्हणजे मी जे घेतलं, ते माझ्याकडे राहतं? कायमचं?”

“राहतं.”

“कमाल आहे. हे मला कोणी सांगितलंच नाही. मग आत्ता कोणाचा आकडा किती आहे?”

आयुष्यभर कोणी आकडा विचारला की हेमांगी तो बघून सांगत आली होती. करसेतूच्या नोंदी दाखवणाऱ्या टॅबचा पडदा तिच्या हातातच होता आणि एकेकाचा आकडा वेगळा दाखवणारी फारूकची नवी आज्ञावली त्यात होती. तिने बघितलं आणि वाचलं.

“अवधूत त्रेचाळीस. तुम्ही... अडुसष्ट.”

बोलून झाल्यावर तिला अर्थ कळला. दप्तरदार दर वेळी वेगळ्या, भरलेल्या टाकीला जोडला गेला होता. अवधूत दर वेळी रिकामीला. आता भरलेली टाकी वर होती आणि नळीतलं पाणी खाली वाहत होतं. सकाळपासून अवधूतला मिळत होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातांत काहीतरी परत येत होतं.

दप्तरदार धंद्यातला माणूस. त्याला तिच्याइतकाही वेळ लागला नाही.

“म्हणजे आत्ता तो माझं घेतोय,” तो म्हणाला.

“साहेब, तो मध्यावर आहे. त्याला वर येऊ द्या. निदान तेवढा वेळ...”

“तेवढ्या वेळात किती जाईल?”

“थोडंसं.”

“थोडंसं म्हणजे किती?”

माथ्यावरच्या ठिपक्याने हात कपाळाशी नेला. पडद्यावरची एक रेघ बंद झाली. आता अवधूतकडे फक्त स्वतःचे त्रेचाळीस उरले होते.

अवधूतचा उजवा ॲक्स बर्फात रुतलेला होता. तो काढून वर मारायचा, एवढंच करायचं होतं. त्याने तो उपसला, मारला, आणि तो घसरला. पुन्हा मारला. बर्फाचे तुकडे त्याच्याच तोंडावर उडाले. मग पाय सुटले आणि तो दोरावर लोंबकळला.

“सर,” त्याचा आवाज वॉकीटॉकीवर आला, फार सभ्य आवाज. “पाच मिनिटं लावा ना पट्टा. मी येतो वर.”

“काळजी करू नकोस, मी तुला व्यवस्थित खाली सोडतो,” दप्तरदार म्हणाला. आणि खरोखर व्यवस्थित सोडलं. दोर कसा सोडायचा हे त्याच्या हातांना उत्तम येत होतं. अवधूतचेच हात होते ते, आधीच्या एका मोसमात घेतलेले, आणि आणखी कितीतरी गाइडांचेही.

खाली आल्यावर अवधूत दोराची गाठ सोडायला बसला. कंबरेची, रोजची गाठ. बोटं तिच्याभोवती फिरत राहिली. हेमांगी वाकली तेव्हा त्याने तिचा हात झटकला.

“अर्धा तास,” तो म्हणाला. “अर्धा तास गप्प बसली असतीस तर?”

“मला माहीत नव्हतं रे, उलटं वाहतंय ते.”

“मग आधी बघायचं आणि मग बोलायचं! शास्त्रज्ञ ना तू? आणि बघितल्यावर तरी मोठ्याने कशाला वाचलंस?”



संध्याकाळपर्यंत कंपनीला सगळं कळलं होतं. दप्तरदारने तळावरच्या उपग्रह फोनवरून स्वतः कळवलं, तक्रार म्हणून नव्हे, अभिनंदन म्हणून. हेमांगीला वाटलं होतं, आता करसेतू बंद होईल. मुख्यालयातून तिला फोन आला तो आभाराचा. इतके दिवस आपण भाड्याने देत होतो, तिकडून कोणीतरी आनंदाने सांगत होतं, खरं तर ही विक्री आहे, मॅडम, आणि विक्रीचा भाव वेगळा असतो. गाइडांचं काय, असं तिने विचारलं. त्यांनाही करारात सगळं स्पष्ट लिहून देऊ, पुढच्या मोसमापासून. या मोसमाचे करार झालेले आहेत. मात्र पन्नासच्या खालचा गाइड ठेवता येणार नाही, पाहुण्यांचं नुकसान होतं. अवधूतला उद्याच्या हेलिकॉप्टरने परत पाठवा. त्याच खेपेला दप्तरदारसाहेबांसाठी नवी गाइड येते आहे.

सकाळी हेलिकॉप्टरमधून स्तान्झिन डोल्मा उतरली. सव्वीस वर्षांची, खालच्या गावातली. गोठलेले धबधबे चढत मोठी झालेली. दोर अडकवायचा स्क्रू बर्फात कसा फिरवायचा हे तिला दोन हिवाळ्यांपूर्वी अवधूतनेच शिकवलं होतं, पट्ट्याबिट्ट्याशिवाय, थंडीत तासन्‌तास उभं राहून. नंतर ती त्याच्याही पुढे गेली होती आणि त्याचं त्याला कौतुक होतं. तिने त्याला बघितलं आणि धावत आली.

“अचो-ले!” तिच्या बोलीत थोरल्या भावाला म्हणतात तसं ती म्हणाली. मग हिंदीत, “तुम्ही चाललात असं कळलं. बरं नाही का तुम्हाला?”

“थोडा थकलोय,” अवधूत म्हणाला. त्याची नजर तिच्या हातांवर होती. हेमांगीने ती नजर पाहिली.

पायलट इंधन भरत होता. दप्तरदार तंबूत नाश्ता करत होता, त्याला घाई नव्हती. अवधूतने हेमांगीला बाजूला घेतलं.

“खेप सुटायला तासभर आहे. भिंतीच्या पायथ्याशी मी आणि स्तान्झिन जरा चढतो. सरावाची चढाई म्हणायची. पेटीतून दोन पट्टे काढ.”

“अवधूत, ती पोरगी तुला भाऊ म्हणते.”

“माहीत आहे मला.”

“तिला सांगते मी सगळं. ती आपणहून देईल कदाचित.”

“सांगितलंस तर ती पट्टाच लावणार नाही. कोणाचाच. काल बघितलंस ना सांगून?” त्याने आवाज खाली आणला. “आणि ती हो म्हणाली, तर मी कसा घेऊ, ताई? तिच्या डोळ्यांत बघून? तिला माहीत नसेल तरच मला घेता येईल.”

“अरे, काय बोलतोयस तू?”

“आज नाश्ता संपला की तो तिला जोडून घेणारच आहे. माझ्यासारखीच तिची बोटं जाणार. मी घेतलं नाही तर तिची वाचणार आहेत का? वाचणार असतील तर सांग, मी हा बसलो हेलिकॉप्टरमध्ये.”

वाचवायचं तर एकच वाट होती. आत्ता जाऊन त्या पोरीला सगळं बोलायचं, मग ती परत जाईल आणि अवधूत असाच, गाठ न सुटणारी बोटं घेऊन पुण्याला येईल. आई विचारेल, काय करतोस रे आता. तो म्हणेल, काही नाही.

हेमांगीने पेटी उघडली.

स्तान्झिन खाली बसली आणि तिने केस मागे केले. पट्टा कपाळाला लागताच थंडगार वाटला असावा, तिने अंग चोरलं. मग मान वर करून तिने हेमांगीकडे पाहिलं.

“अचे-ले,” ती म्हणाली. म्हणजे ताई. “गावात म्हणतात, हे लावलं की हातांचं काहीतरी होतं. लोक काहीही बोलतात. पण तुम्ही हे बनवलंय, म्हणून विचारते. काही होत नाही ना?”

अवधूत पलीकडे पाठ करून बुटांना काट्यांचे क्रॅम्पॉन बांधत होता. त्याला बांधता येत नव्हतं.

“नाही गं, काही होत नाही,” हेमांगी म्हणाली आणि पट्ट्याची पकड स्वतःच्या हाताने एक घर घट्ट केली.

स्तान्झिन उठली, अवधूतसमोर गुडघ्यावर बसली आणि त्याचे क्रॅम्पॉन बांधून देऊ लागली.