बिनदाराचं घर

प्रभुलिंग मास्तर थापा मारणारा माणूस नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. कागलकडचा, आपल्या चांगल्या ओळखीतला. पोरांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

त्यांचं जुनं गाव दूधगंगेच्या काठी. पुराला कंटाळून सगळी वर माळावर राहायला आली, खाली नुसती ओसाड पांढर, जुन्या वस्तीची मोकळी जागा, उरली. मास्तरानं गावठाणाचा जुना नकाशा मिळवला. कुठली गल्ली, कुणाचं घर, हे त्यावरून मोजायचं आणि शाळेच्या मैदानावर आखतात तशा फक्कीच्या रेघा मारायच्या. म्हाताऱ्या माणसांनी आपापल्या घरात एकदा उभं राहावं, एवढीच हौस. निम्मं गाव त्याला येडा म्हणायचं. खरं तर सगळा खटाटोप आईसाठी. मल्लव्वा अंथरुणाला खिळलेली, आणि तिचा एकच धोसरा, "त्या घरात मला एकडाव न्हे रं."

गेल्या कार्तिकातली अमावास्या. रात्रीचे आठ वाजले तरी शेवटचं घर राहिलं होतं, त्यांचंच. दिवसभर टेप ओढून मास्तराची कंबर मोडली होती. बॅटरीच्या उजेडात त्यानं चौकोन पुरा केला आणि तिथंच बसकण मारली. सकाळी आईला, त्याच्या अव्वाला, खुर्चीत घालून आणायचं होतं.

मागून आवाज आला.

"प्रभू, आत कुठनं येऊ?"

अव्वाचा आवाज. मास्तर वळला. कुणी नाही...

"दार कुठं ठिवलास?"

नकाशात घराला दार नसतं. चारी बाजूंनी रेघ. तशीच त्यानं मारली होती. पळायचंही त्राण नव्हतं. आणि आवाज आईचा होता.

"कुठं हुतं, अव्वा?"

"उगवतीला की..."

त्यानं पायानं उगवतीची रेघ पुसली. दोन हात.

गार वारं अंगाला घासून आत गेलं. मग काहीच नाही...

फोन वाजला. बायको होती.

"या लवकर. अव्वा गेल्या... आत्ताच."

दुसऱ्या दिवशी मल्लव्वाला माती दिली आणि तिसरे प्रहरी मास्तर चार माणसांना घेऊन पांढरीवर गेला. रेघ पुसलेल्या जागी, उघड्या जमिनीवर, हळदीची पाच बोटं ओढलेली. बायका सकाळी उंबरा पुजताना ओढतात तशी.

मास्तरानं वाकून हात लावला. हळद ओली होती.