हळदीच्या गोदामातलं थोटूक

“बिडी मी सोडलीया, बाई. नोकरी जाईल तर जाऊ दे, पन ह्ये बालंट सोसनार न्हाई.”

खासगी तपास करणाऱ्या अपूर्वा केळकरच्या विश्रामबागेतल्या कचेरीत मौला मुजावर बसायलाही तयार नव्हता. सांगलीच्या मार्केट यार्डात दादासो पाटलांच्या हळदीच्या गोदामावर तो बावीस वर्षं राखणदार. काल दुपारी तिथं चार पोती जळाली आणि खिडकीखाली बिडीचं थोटूक सापडलं. आज संध्याकाळपर्यंत गुन्हा कबूल कर, नाहीतर घरी बस, असं मालकानं बजावलं होतं.

त्यानं खिशातून निकोटीनच्या च्युइंगमचं पाकीट काढलं. “झोयानं, माझ्या लेकीनं, मस्कतवरनं धाडलंय. पयल्या दिशी कचाकचा चावलं, तर उचक्यांनी जीव काढला. आता गालात धरून बसतो. दोन म्हयनं झालं.”

अपूर्वाचे मदतनीस नारायणकाका मनात हसले. त्यांनी स्वतः सात वेळा तपकीर सोडली होती.

मौलाला घेऊन दोघं गोदामावर आले. फाटकाबाहेर धुळा हमाल भेटला. “आग लागली तवा आमी समदी सौद्यावर, लिलावाला हुतो, बाई. मौलाभाई जेवाय गेल्यालं.” एवढं सांगेस्तोवर त्यानं विझलेली बिडी तीनदा पेटवली. काड्या काकांच्या पेटीतल्या गेल्या, म्हणून ते कुरकुरले.

आत मॅनेजर सयाजी होता. इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात सिगरेटचं पाकीट.

“मौला दीडला गेला. अडीचला मी आलो, तर खिडकीत त्याची बिडी धुमसत होती. मी पोचेपर्यंत पोत्यावर पडली. म्हणे सोडली!”

“प्रकरण मिटलं की,” काका पुटपुटले.

अपूर्वानं दादासोंना बोलावून घेतलं. धुळाकडून एक बिडी पेटवून घेतली आणि ऑफिसच्या खिडकीत ठेवली. सगळ्यांना चहा आला. कप रिकामे व्हायच्या आतच बिडी गार पडली.

“दादासो, बिडी ओढत राहिलं तरच जळते,” ती म्हणाली. “धुळानं बोलता बोलता तीनदा पेटवली, काकांनीच काड्या पुरवल्या. मौलाची बिडी मात्र तासभर एकटीच धुमसली? ठेवून दिली तरी शेवटपर्यंत जळते ती सिगरेट. सयाजीरावांना तेवढीच माहीत. स्वतःच्या सिगरेटनं काय केलं ते त्यांनी पाहिलं, तेच बिडीच्या नावावर सांगितलं. थोटूक फाटकाबाहेरून उचललं असणार.”

सयाजीनं मान खाली घातली. “पोत्यावर ठेवली होती. फोन आला, विसरलो.”

काकांना स्वतःचीच लाज वाटली.

दादासोंनी खिशातला बिडीचा कट्टा मौलापुढं धरला. यार्डात भांडण असंच, एका कट्ट्यातली बिडी ओढून मिटायचं. “झालं गेलं इसर गड्या. घे, वढ.”

मौलानं हात मागं बांधले. “न्हाई, मालक. यार्डभर बोंब झाली तवा तुमी माझी बाजू घेतली न्हाई. आता सौदं सुरू हायती. समद्या पेठंम्होरं सांगा, मौलानं बिडी वढली न्हाई.”

दादासो घुटमळले. मग कट्टा खिशात घालून सौद्याकडं निघाले. मौला त्यांच्या पुढं चालत होता.