त्या वाक्याच्या वेळी व्हायोलिन

“विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचं, इतर सर्वांना वगळून, स्वखुशीनं आणि आयुष्यभरासाठी झालेलं मीलन…”

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात, आमच्या बेटावर, समुद्राकाठच्या हिरवळीवर. मी करवली होते. अंगात पोपटी झगा, काखेत व्हायोलिन. लग्न लावायला सरकारमान्य बाई आली होती, रोवेना नावाची. बाकी सगळं ती मध ओतावा तसं बोलली. या एका वाक्याला मात्र तिचा आवाज कोरडा झाला, सपाट झाला. कायद्यानं ते प्रत्येक लग्नात म्हणावंच लागे. मला वाटलं, ही बाई वाक्य म्हणत नाहीये, दंड भरतेय.

तो आवाज माझ्या कानात राहिला. वर्षं गेली, मी शाळेत संगीत शिकवायला लागले, शनिवारी लग्नांत वाजवायला लागले… आणि एका बटाटेवाल्याच्या मुलीच्या लग्नात तो आवाज पुन्हा समोर उभा राहिला. सामुद्रधुनीवरून वारा सुटलेला, पाऊस आडवा, नवरीच्या डोक्यावरची जाळी उडून नवऱ्याच्या दाढीत अडकलेली. रोवेना त्या वाक्यापाशी आली. “विवाह म्हणजे—”

माझा हात आपसूक खुंटीकडे गेला. मी तार लावायला घेतली. कुंई… कॅंव… कुंई. लोक हसले. रोवेना थांबली नाही. तारेच्या आवाजाखाली तिनं वाक्य पुरं केलं. म्हटलं गेलं, पण ऐकलं कुणीच नाही.

नंतर खाण्याच्या टेबलापाशी ती माझ्याजवळ आली. हातात लॅमिंग्टन केकचा तुकडा, ओठाला खोबरं लागलेलं.

“तार उतरली होती का?”

“हवा दमट आहे ना.”

“बाकी लग्नभर तर ठीक होती.”

“काही काही वाक्यांनीच उतरते ती.”

ती हसली नाही. तिचे कान तेवढे लाल झाले. “ते म्हटलं नाही तर माझा परवाना जातो.”

“म्हणा की. मी कुठं अडवलं? मी फक्त ऐकू येऊ देत नाही.”

तिनं उरलेला केक सावकाश खाल्ला. मग समुद्राकडे बघत म्हणाली, “पुढच्या शनिवारी बर्नीला लग्न आहे. तिथली हवा कशी असते?”

“बर्नीची? भयंकर दमट.”

आमचं प्रेम असं दुसऱ्यांच्या लग्नांत वाढलं. लाल मातीच्या रस्त्यांवर तिची गाडी, मागच्या सीटवर माझी व्हायोलिनची पेटी, पायाशी वाळत घातलेले बूट. माझ्या कॉलरवर गजाला लावायच्या राळेची पूड सांडलेली असायची… ती बोटानं झटकायची, झटकून झाल्यावरही बोट तिथंच राहायचं.

“गेली का पूड?” मी विचारायची.

“केव्हाच.”

मग एके वर्षी सरकारनं सगळ्या देशाला टपालानं विचारलं : दोन बायकांना, दोन पुरुषांना एकमेकांशी लग्न करू द्यायचं का? घरोघरी पाकिटं आली. माझ्या बहिणीची सासू, जीनबाई, मला पावाच्या दुकानात भेटली. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, “पोरी, मी ‘नाही’ म्हणून पाठवलं. तुझ्यावर राग नाही हं माझा. वाजवतेस छान.”

“जीनबाई,” मी म्हटलं, “तुमच्या लग्नाचं मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर… नवरदेव बघता, मी थोडा वेळ मागितला असता.”

पाववाला काउंटरखाली वाकला तो बराच वेळ वर आला नाही.

घरी आले तेव्हा रोवेना बटाटे सोलत होती. मी भडाभडा सगळं सांगितलं. ती हसली, आणि मग सुरी थांबवून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “टॅम… कायदा झाला तर… करशील माझ्याशी लग्न?”

मला हवा होता तोच प्रश्न, आणि नेमका त्या दिवशी.

“ ‘तर’ला मी उत्तर देत नाही, रो. आधी जीनबाई मत देणार, पाववाला हो म्हणणार, सगळा देश हो म्हणणार, आणि मग मी? माझा होकार त्या पाकिटांच्या रांगेत उभा राहणार नाही.”

“मग कधी देशील?”

“कुणी विचारत नसेल तेव्हा.”

तिनं पुन्हा सुरी उचलली. “बरं. वाट बघायची मला सवय आहे. आवड नाही.”

देश हो म्हणाला. आमचं बेटही म्हणालं. लोक रस्त्यात गळ्यात पडून रडले. मी मागच्या शेडमध्ये तारा बदलत बसले. आनंद झाला नव्हता असं नाही. पण ज्यांना माझं नावही माहीत नाही त्यांचे आभार मानायला माझी मान लवत नव्हती.

रोवेनानं पुन्हा विचारलं नाही. तिचं ते न विचारणं आमच्यासोबत जेवायला बसायला लागलं. एका संध्याकाळी ती दाराशी उभी राहून म्हणाली, “तुझी ही ताठ मान मला फार आवडते, टॅम. पण मला तुझ्याशी संसार करायचाय, तुझ्या मानेशी नाही.” आणि एकटीच फिरायला गेली. तिची पावलं दूर जाताना ऐकली आणि पहिल्यांदा मला भीती वाटली. जिंकलेल्या लढाईत मी तिलाच हरवून बसणार होते.

जानेवारीत मर्व आणि क्लाइव्हचं लग्न ठरलं. दोघे सत्तरी ओलांडलेले, बटाट्याच्या शेतावर एकत्र म्हातारे झालेले. त्यांच्या तरुणपणी या बेटावर असं प्रेम म्हणजे तुरुंग. पुढं तो कायदा गेला, तरी मर्वच्या घरचे प्रत्येक सणाला क्लाइव्हच्या हाती कॅमेरा देत : “तू काढ ना, तुझा हात चांगला आहे.” त्या घराण्याचा एकूण एक फोटो क्लाइव्हनं काढलेला. क्लाइव्ह एकाही फोटोत नाही.

लग्नाला उभा राहिला तेव्हाही कॅमेरा गळ्यातच.

“काढ ते लोढणं, म्हाताऱ्या,” मर्व पुटपुटला.

“असू दे रे. सवय आहे.”

“आज तू फोटोत आहेस.”

क्लाइव्हनं कॅमेरा काढून मर्वच्या बहिणीकडे दिला. देताना त्याला दोनदा सांगावं लागलं. हात सोडतच नव्हता.

शेताला फुलं आली होती, पांढरी-जांभळी, वाऱ्यावर डुलणारी. रोवेना त्या वाक्यापाशी आली. “विवाह म्हणजे—”

माझा हात खुंटीकडे गेला… सवयच. ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. सगळे थांबले. मी हात खाली घेतला.

“विवाह म्हणजे दोन व्यक्तींचं,” ती म्हणाली, आणि ‘दोन’वर तिचा आवाज चिरकला, “इतर सर्वांना वगळून, स्वखुशीनं आणि आयुष्यभरासाठी झालेलं मीलन.”

मध होता त्यात. इतकी वर्षं मी जिथं तार ओढली, तिथं आज नुसता वारा होता. कुणी माझं मत मागत नव्हतं. कुणी मला परवानगी देत नव्हतं. कुणी, अगदी तीसुद्धा, विचारत नव्हती.

“हो,” मी म्हटलं.

क्लाइव्ह वळला. “पोरी, आधी मला तर म्हणू दे.”

हशा पिकला. रोवेना हसली नाही. तिचे कान लाल झाले होते. “आत्ता तुला कुणी काही विचारलेलं नाही, टॅम्सिन.”

“म्हणूनच तर. बटाटे सोलताना विचारलं होतंस, रो… त्याचं उत्तर. करीन. तुझ्याशीच करीन.”