सोडा म्हणायचं राहिलं

जेवणाचा डबा अर्धा टाकून तंत्रज्ञ बाई कंट्रोल रूममध्ये येऊन बसल्या. घरच्यांच्या केसला बसायचं नाही असा दंडक होता, पण दुसरा तंत्रज्ञ रजेवर होता आणि काचेपलीकडे टेबलावर पडलेला त्यांचा धाकटा भाऊ वाट बघण्याच्या अवस्थेत नव्हता.

जिन्यावरून पडून त्याच्या यकृताला मार लागला होता. आता आतल्या रोहिणीवर फुगा आला होता आणि तो झिरपू लागला होता. पोट फाडायचं नव्हतं. मांडीतून केसासारखी बारीक नळी यकृतापर्यंत न्यायची आणि तारेची वेटोळी भरून ती रोहिणी बुजवून टाकायची. डॉक्टरांचा त्यात हातखंडा होता. फक्त फुग्याचं तोंड नेमकं कुठे आहे ते फोटोत दिसायला हवं होतं, आणि श्वासाबरोबर यकृत हललं की फोटो बिघडतो. म्हणून बाईंनी माइकवरून सांगायचं, श्वास घ्या, रोखा, आणि फोटो झाला की सोडा.

मागच्या महिन्यात याच टेबलावर एक आजोबा होते. बाईंनी 'रोखा' म्हटलं आणि त्याच क्षणी फुगा फुटला. सगळे आत धावले, बाईही धावल्या. आजोबा गेले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये बाईंच्या लक्षात आलं, आपलं 'सोडा' म्हणायचं राहूनच गेलं. त्यानं काही आजोबा वाचले नसते, हे त्यांनाही कळत होतं. तरी कुणाला सांगायची छाती झाली नाही.

"श्वास घे," बाई माइकवर म्हणाल्या.

"घरीही असेच हुकूम सोडतेस," भाऊ पुटपुटला. पण त्याने घेतला.

"रोख."

स्पीकर खरखरला. आणि अगदी थकलेल्या आवाजात कुणीतरी विचारलं, "बाई... सोडू का?"

बाईंनी काचेतून पाहिलं, भावाचे ओठ मिटलेलेच होते.

"हलला," डॉक्टर म्हणाले. "फोटो गेला. परत."

"मी नाही सोडला," भावाचा आवाज आला. "आत दुसरंच कुणीतरी श्वास घेतंय, ताई..."

दुसरा फोटोही गेला. रक्तदाब सत्तरवर आला. भावाचे ओठ पांढरे पडले होते. डॉक्टरांनी मान न वळवता सांगितलं, "बाई, आता शेवटचा. यापुढे फोटोसाठीचं औषध दिलं तर किडन्या जातील."

लहानपणी त्याला कडेवर घेऊन घेऊन बाईंची कंबर दुखायची. आई गेल्यापासून त्याला त्यांनीच वाढवलं होतं. त्यांनी माइक तोंडाजवळ ओढला आणि अगदी हळू म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या पाया पडते. एवढा एक फोटो होऊ द्या. मग सांगते."

"नक्की?"

"नक्की. ...श्वास घे. रोख."

या वेळी काहीच हललं नाही. पडद्यावर रोहिणीची फांदी न् फांदी उमटली, आणि फुग्याचं तोंडही. डॉक्टरांनी भराभर वेटोळी सोडली. पडद्यावरचा फुगा दिसेनासा झाला. रक्तदाब चढू लागला.

"जमलं, बाई!"

बाई खुर्ची लोटून आत धावल्या. भावाचा हात हातात घेतला, कपाळावरून हात फिरवला, आणि मग त्यांना दिसलं की त्याची छाती अजून फुगलेलीच आहे. डोळे उघडे होते आणि त्यांच्यावरच खिळले होते.

"सोड!" बाई ओरडल्या.

श्वास सुटला, लांब, कुण्या म्हाताऱ्या माणसाचा सुटावा तसा. पुढचा आलाच नाही.

"घे... घे रे!"

त्याने घेतला.

बाई माइककडे परत धावल्या. "आजोबा, सोडा. सोडा हो..." पण स्पीकर मुका झाला होता.

संध्याकाळपर्यंत सगळ्या तपासण्या झाल्या. रक्तस्राव थांबला होता, मेंदू उत्तम, फुप्फुसं उत्तम. श्वासाच्या मशीनची नळी घातली की त्याची छाती दगडासारखी घट्ट व्हायची, हवा आतच जायची नाही. डॉक्टर चष्मा पुसत उभे राहिले. बाई खाटेशी बसून म्हणत होत्या, घे, सोड, घे, सोड. त्यांचा घसा पार बसला होता.

"तुम्ही दोन घोट पाणी प्या," सिस्टर म्हणाली. "तेवढ्यात मी म्हणते."

ती वाकली आणि स्पष्ट म्हणाली, "श्वास घ्या."

छाती हलली नाही. भावाने फक्त डोळे फिरवून ताईकडे पाहिलं, आणि तो थांबून राहिला.