खुंटीला न जुमानणारा माणूस

एकपट

पडद्यावर आठवडी बाजार भरला होता. चीजची चाकी गोल, विकणारी बाई धडधाकट, गिऱ्हाइकं जशीच्या तशी.

इर्मगार्ड फॉसने प्रोजेक्टरपुढे आपलं जोडभिंग बसवलं. आत काचेचे दोन लोलक. खुंटी पिळली की चित्र रुंदीत ताणलं जायचं, उंचीला धक्का नाही. हल्ली चित्र रुंदीत दाबून घेतलेल्या फिल्म येत, प्रत्येकीचं दाबाचं माप निराळं. हे एकच जोडभिंग सगळ्यांना पुरणार होतं. दुपारी गोटिंगेनमधले थिएटरवाले बघायला येणार. त्यांनी मान डोलावली तर कारखाना ते बनवायला घेणार. नाहीतर तिची सगळी मेहनत कपाटात.

"चालेल ना, बाई?" ऑपरेटर बेन्केने सॉसेज चावत विचारलं.

"धावेल. पण तेलकट बोटं काचेला लावलीत, तर तुम्हालाच ताणीन."

सव्वापट

चीज लंबगोल झालं. विकणारी बाई फुगली.

"आमच्या सासूबाई हुबेहूब!" बेन्के खिदळला.

बाईमागे करड्या कोटातला एकजण उभा होता. तो सडपातळच राहिला.

"तेवढ्याच जागी लोलकात खोट दिसते," इर्मगार्ड म्हणाली. खोट असली तर सापडते. तिने लोलक पुसले, सरळ केले.

दीडपट

सगळा बाजार पसरला. तो तेवढाच.

"पट्टी घेऊन खाली जा. त्याची रुंदी मोजा."

बेन्के पडद्यापुढे जाऊन उभा राहिला. त्याच्या पाठीवर चीज पडलं, खांद्यावर एक टोपली.

"कुणाला मोजू?" तो ओरडला.

"तुमच्या डाव्या हाताला!"

"इथे कोणी नाहीये, बाई!"

तो जिना चढून आला तेव्हा हसत नव्हता. इर्मगार्डने फिल्म थांबवली, बाजाराची चौकट उजेडासमोर धरली. चीज होतं. बाई होती. मागे नुसती भिंत.

पावणेदोनपट

फिल्म पुन्हा सुरू. आता तो रुंद झाला होता, आणि तितकाच उंचही.

जोडभिंग उंची वाढवत नाही. दोन्ही अंगांनी सारखी वाढते ती जवळ येणारी वस्तू.

इर्मगार्डने शांतपणे हिशेब जुळवला. जे ताणलं जात नाही, ते भिंगातून आलेलंच नाही.

"म्हणजे खोट नाही," ती म्हणाली. "माझं जोडभिंग निर्दोष आहे. दाखवायचं."

"बाई, राहू द्या."

"दार उघडा."

दुप्पट

थिएटरवाले मागच्या रांगांत बसले. तिने दुपटीने दाबून घेतलेली फिल्म चढवली आणि खुंटी शेवटच्या खुणेपर्यंत पिळली. पडदा काठोकाठ भरला. कुणीतरी टाळी वाजवली.

"झकास!" खालून एक जाडा आवाज आला. "आम्ही घेतलं! फक्त पुढे उभ्या असलेल्या त्या गृहस्थांना बसायला सांगा. चित्र झाकलं जातंय."

इर्मगार्डने शेजारी पाहिलं. बेन्के तिथेच होता.

ती काही बोलायच्या आत पहिल्या रांगेतली एक खुर्ची कुरकुरली.

पडदा मोकळा झाला.