लाल बुश आणि अळणी उप्पीट

धारवाडहून हुबळीला येणारी चिगरी बस नवनगरच्या थांब्यावर कचकन थांबली आणि दीपश्रीच्या मांडीवरच्या पिशवीतून लोखंडी बुश टणकन खाली पडला. घरंगळत जाऊन एका पोरग्याच्या बुटाला लागला. अंगठ्याएवढा, आखूड नळीसारखा, लाल रंग मारलेला. पोरग्यानं उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, त्याच्या भोकातून बाहेरची भुरभुर बघितली... आणि मग त्याच भोकातून दीपश्रीकडं बघितलं.

मी शेजारीच बसले होते. मला सगळं दिसतं.

"तुमचा?" तो म्हणाला.

"द्या इकडं. जपून धरा, खराब आहे तो."

"खराब आहे तर जपायचा कशाला?"

"खराब आहे म्हणूनच जपायचा."

तो हसला. "कळलं. मुद्दाम खराब ठेवलाय. रोज सकाळी पहिल्यांदा हाच तपासणीच्या यंत्राला लावायचा — यंत्र पकडतंय का बघायला."

दीपश्रीनं भुवया वर केल्या. आमच्या गल्लीत एकालाही हे ठाऊक नाही. "तुम्हाला हो कसं माहीत?"

"माझं पोट त्यावरच आहे," म्हणाला, बुश तिच्या तळहातावर ठेवला आणि पुढच्या थांब्यावर उतरला. नाव नाही, गाव नाही.

"नाव तरी विचारायचंस," मी म्हटलं.

"कशाला गं मावशी?"

"मग तो बुश मघापासून ओढणीनं पुसतेस कशाला?"

दीपश्री माझ्या धाकट्या बहिणीची लेक. बहीण गेली, पोर माझ्याकडं वाढली, इंजिनियर झाली. गोकुळ रोडला माझा कारखाना आहे. नवरा गेल्यावर भाऊबंद म्हणाले विकून टाक. मी त्यांना चहा पाजला आणि दार दाखवलं. पंपाचे बुश करतो आम्ही. आयएसओचा शिक्का आहे, तो मी देवीच्या फोटोशेजारी टांगलाय. आता एक मोटारवाली कंपनी ब्रेकच्या पेडलचा बुश द्यायला तयार झाली होती, पण तिला आयएसओ पुरत नव्हता. आयएटीएफ पाहिजे म्हणे.

मी दीपश्रीला स्वच्छ सांगितलं होतं. हा शिक्का आणलास तर कारखाना तुझ्या नावावर. नाही आणलास तर मोटारीचा नाद सोडायचा आणि देशपांडे नगरच्या स्थळाला हो म्हणायचं. डॉक्टरांचा मुलगा, गुरुराज. बघायला आला तेव्हा दीपश्री उप्पिटात मीठ घालायला विसरली होती. त्यानं दोनदा मागून खाल्लं, फार छान म्हणाला. केवढा सालस! पण ही म्हणते, "ज्याला मीठ नाही हे सांगता येत नाही, तो उद्या मला काय सांगणार?"

सोमवारी त्या शिक्क्याच्या पहिल्या तपासणीला साहेब आले. बघते तर काय, बसमधला पोरगा! श्रीनिधी नाव, धारवाडच्या मळमड्डीचा, वडील शाळामास्तर. दीपश्रीला बघून त्याच्या हातातलं पेन पडलं. तिनं ते उचलून दिलं.

"हे खराब नाही ना?" ती म्हणाली.

"लिहून बघावं लागेल," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

मी चहा पुढं केला. त्यानं हात जोडले. "माफ करा अक्का. तपासायला आलो की त्या घरचं पाणीसुद्धा घेत नाही मी."

"विष घालते की काय मी?"

"साखर घालता, त्याचीच भीती."

बरा बोलत होता. मी समोर खुर्ची ओढून बसले. "माझ्याकडं एक शिक्का आहे. दुसरा कशाला? त्यात काय जास्तीचं सोनं लावलंय?"

"पहिला काढायचा नाही अक्का. त्याच्यावरच दुसरा बसतो. आयएसओ कुणालाही लागतो — दवाखान्याला, शाळेला, पापडवाल्याला. म्हणतो, जे करता ते ठरवून करा, ठरवलं तसं करा, गिऱ्हाईक खूष आहे का बघा, चुकलं तर सुधारा."

"आणि हा?"

"हा फक्त गाडीवाल्यांचा. तो म्हणतो, अजून चुकलं नाही ते कसं चुकेल ते आधी सांगा. चुकलं तर किती लागेल, किती वेळा चुकेल, आणि आपल्याला कळेल की नाही कळणार. पंप बंद पडला तर बादलीनं पाणी आणता येतं. ब्रेक लागला नाही तर..."

दीपश्री त्याच्याकडं बघत होती.

"म्हणजे आयएसओ सासू आणि हा आजेसासू," मी म्हटलं.

दोघं एकदम हसली. एकाच वेळी, एकाच सुरात. मला ते आवडलं नाही, पण लक्षात ठेवलं.

दोन दिवस तो यंत्रामागून यंत्र बघत हिंडला आणि ती कागद घेऊन मागं. बोलणं सगळं बुशचंच. पण तो "हे मोजता कधी?" विचारायचा तेव्हा ती उत्तराआधी केसांची बट कानामागं सारायची. जाताना तो फाटकाशी घुटमळला.

"दुसरी तपासणी दसऱ्यानंतर आहे," म्हणाला.

"तुम्हीच येणार ना?"

"बहुतेक..."

"बहुतेक चालत नाही. तुमच्याच नियमात बसत नाही."

तो काहीतरी बोलणार होता. मग नुसतंच पेन खिशाला लावलं त्यानं. गेला.

खंडेनवमीला कारखाना धुऊन काढतो आम्ही. यंत्रांना केळीचे खांब, झेंडूच्या माळा, दारात कोहळा फोडायचा. तयार बुशांच्या पेट्या देवीपुढं मांडून एकेका बुशला तेलकुंकवाचं बोट लावायचं. ही माझ्या सासऱ्यांपासूनची पद्धत. धोंडिबा आमचा जुना माणूस, लेथवर त्याचा हात कुणी धरत नाही. त्यानं लाल बुशही नेऊन त्या पेटीत ठेवला. का, तर म्हणे, "वर्षभर तोबी राबतोय की अक्का. एकट्यालाच का वगळायचं?"

कुंकू लागल्यावर सगळेच लाल. दुसऱ्या दिवशी पोरांनी थिनरनं पुसून काढले. कुंकू गेलं, रंगही गेला. तपासून झालेला माल, पुन्हा कोण तपासतंय? पेट्या बंद झाल्या.

त्याच्या पुढच्या सकाळी पाळी सुरू करताना लाल बुश जागेवर नाही. दीपश्रीनं धोंडिबाला विचारलं आणि मटकन खाली बसली. मोटार कंपनीला नमुन्यादाखल जायच्या पेट्यांत एक खराब बुश, आणि अंगावर खूण नाही. तपासणी दोन दिवसांवर.

धोंडिबा तोंड एवढंसं करून म्हणाला, "दुसरा करतो की. भोक थोडं मोठं पाडलं, लाल रंग मारला... कुणाला कळतंय?"

"आणि पेटीतला?" दीपश्री म्हणाली.

"लाखात एक गं बाई."

"तो एक ज्याच्या गाडीत जाईल त्याला लाख काय करायचेत, धोंडिबामामा?"

तिचा कारखाना, तिचं लग्न, तिचं काय ते. तिनं माल थांबवला. सगळ्या पेट्या फोडल्या. एकेक बुश यंत्राला लावत बसली, जेवली नाही. ऊन उतरताना यंत्र कोकलायला लागलं. सापडला. भोकाच्या कडेला कुंकवाचा कण अजून होता. तिनं तो बुश गालाला लावला आणि रडली... आणि रडता रडता म्हणाली, "आता हे श्रीनिधी साहेबांना सांगायचं."

"सापडला नव्हं? मग गप बस," मी म्हटलं. "सांगितलंस तर शिक्का जाईल."

"जाऊ दे. न सांगता मिळाला तर तो माझा नाही."

खोटं कशाला बोलू, मला तिच्या आईची आठवण आली. तीही अशीच आडमुठी.

तपासणीला श्रीनिधी आलाच नाही. विमला मॅडम आल्या, पिकलेल्या केसांच्या, नाकावर चष्मा. दीपश्रीचं तोंड उतरलं, पण तिनं लाल बुशची सगळी कथा पहिल्या तासातच सांगून टाकली, कुंकवासकट. मॅडमनी ऐकून घेतलं, फोडलेल्या पेट्या बघितल्या, धोंडिबाला दोन प्रश्न विचारले.

"कायकाय चुकू शकतं ते सगळं लिहिलंय तुम्ही. हत्यार मोडेल, वीज जाईल, माणूस रजेवर जाईल. पूजा नाही लिहिली," मॅडम म्हणाल्या.

"पूजा चूक नाही," मी म्हटलं.

"पूजा करा की. तयार मालाला बोट लावू नका. आणि लाल बुश कुलपात." त्यांनी लहान चूक म्हणून नोंद केली. "ही सुधारून पाठवा. शिक्का अडणार नाही. लपवलं असतं तर अडला असता."

दीपश्रीनं खाली मान घालून विचारलं, "श्रीनिधी साहेब... आले नाहीत?"

"त्यांना येता येत नाही. कचेरीत स्वतःच सांगितलंय त्यांनी. या कारखान्याशी माझा खासगी संबंध आहे, मी तपासणं बरोबर नाही, म्हणून."

"कुणाशी?" मी विचारलं.

मॅडमनी धोंडिबाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग दीपश्रीकडं. "ते सांगायची सक्ती नाही," म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

रविवारी सकाळी दीपश्रीनं त्याला घरी बोलावलं. नवा सदरा, भांग नीट. माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला. तो देताना काही लागत नाही.

"संबंध आहे म्हणून सांगितलंत म्हणे," दीपश्री म्हणाली.

"हो."

"माझ्याशी?"

"धोंडिबामामांशी नक्की नाही."

"आणि मला न विचारता? आधी कचेरीला?"

"झालाय म्हणून नाही सांगितलं. होऊ शकतो म्हणून सांगितलं. चुकायच्या आधीच सांगायचं, असा नियम..."

"म्हणजे मी चूक?"

"अय्यो, तसं नाही—" त्याला घाम फुटला. "थांबा. परत मांडतो."

"खाऊन घ्या आधी. आता चालतं ना आमच्या घरचं?"

तिनं उप्पीट आणून ठेवलं. वर कोथिंबीर, खोबरं, कडेला लिंबू. त्यानं पहिला घास घेतला. थांबला. तिच्याकडं बघितलं, ताटलीकडं बघितलं, पुन्हा तिच्याकडं.

"दीपश्री... यात मीठ नाही."

"हो?"

"अजिबात नाही."

"देशपांडे नगरवाल्यांनी दोनदा मागून घेतलं होतं."

"त्यांना तुम्ही हव्या होतात." त्यानं चमचा खाली ठेवला. "मलाही हव्या आहात. पण मीठ नाही."

ती हसली. सकाळपासून दाबून धरलेलं सगळं हसली. "पकडलंत!"

"मुद्दाम केलंत?"

"त्या दिवशी चुकून. आज मुद्दाम."

"मग... झालो पास?"

"एकदा पकडून काय होतंय?" तिनं बट कानामागं सारली. "लाल बुश रोज सकाळी लावतात."

बाहेर भाजीवाला ओरडून गेला, तेही त्याला ऐकू आलं नसावं.

"रोज?" त्यानं विचारलं.

"रोज."

मिठाची बरणी एव्हाना माझ्या हातात होती. पाहुण्याला अळणी वाढायची आमच्या घरात पद्धत नाही. मी ती परत फळीवर ठेवून दिली.