न उमटवलेला ठसा

“चोरीला गेलंय ते रबर आहे,” बेकरीवाली म्हणाली. “एवढंसं. काडेपेटीएवढं.”

भावोजींनी आ वासला. सकाळी सकाळी कुणी रबर हरवलं म्हणून दार ठोठावेल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण त्यांची मेहुणी हसली नाही. खासगी तपासाचा धंदा तिचा, भावोजी आपले सोबतीला. बारीक गोष्ट नेमकी उचलते म्हणून भावोजींच्या बायकोने या धाकट्या बहिणीला लहानपणीच चिमटा हे नाव दिलं होतं. बायको गेली, नाव राहिलं. त्या नावाने हाक मारताना भावोजींना अजूनही बायकोचाच आवाज ऐकू येई.

“सुरुवातीपासून सांगा,” चिमटा म्हणाली.

मित्र चौघे होते. बेकरीवाली, ग्रंथपाल असलेली तिची धाकटी बहीण, एक दातांचे डॉक्टर आणि एक सुतार. महिन्यातला एक रविवार ते डोंगरातल्या उद्यानांत ठसापेट्या शोधत भटकायचे. कुणीतरी रानात डबा लपवतं, त्यात हाताने कोरलेला रबरी ठसा असतो. कोड्यावरून डबा शोधायचा, ठसा आपल्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तसा परत ठेवायचा.

“सगळे जमल्याशिवाय ठसा उमटवायचा नाही, हा आमचा नियम. पहिल्या दिवसापासून कुणी मोडला नाही,” ती म्हणाली आणि तिने पर्समधून स्वतःचा ठसा काढला. पाव आणि भट्टीतलं लांब दांड्याचं फावडं. तो सुताराने करून दिला होता.

भावोजींनी तो शाईत बुडवून वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर दाबला. “अरेच्चा! रबरावर दांडा डावीकडे, कागदावर उजवीकडे!”

“उलटंच कोरावं लागतं ते. मलाही त्यानेच शिकवलं,” बेकरीवाली म्हणाली. त्याच्या आठवणीने ती जराशी हसली तेव्हा तिच्या डाव्या गालाला खळी पडली. मग ती खळी विझली.

सुतार थंडीत आजारपणाने गेला. शेवटच्या दिवसांत तिघांसमोर म्हणाला होता, की एक पेटी लपवली आहे, जे तोंडाने बोलता आलं नाही ते तिच्यात आहे. बोलताना नजर छताकडे होती. कोडं त्याने डॉक्टरांकडे दिलं होतं. थंडी सरली, उन्हं वाढली, तशी डॉक्टरांनी दोघी बहिणींना त्या कोड्याच्या प्रती दिल्या. पुढच्या रविवारी तिघे निघाले. खडकाखाली डबा सापडला. आत ठसा नव्हता.

“माझी उमेदीची वर्षं तो काही विचारेल म्हणून वाट बघण्यात गेली,” बेकरीवाली सरळ म्हणाली. “चोर मला नको. त्याने काय कोरलं होतं, तेवढं कळू द्या.”

तिने डबा टेबलावर ठेवला. वरचं प्लास्टिक तिने जपून सरकवून काढलं होतं, घड्या तशाच होत्या. चारी कोपरे आत दुमडलेले, ना गाठ ना चिकटपट्टी. आत शाईच्या गादीवरचा चंदेरी कागद फाटलेला नव्हता. ठसा पुसायचं फडकं पांढरंशुभ्र.

“सुतार डबा कसा बांधायचा?” चिमटाने विचारलं.

“सुतळीने. नेहमीच. या वेळी सुतळी नव्हती.”

भावोजींनी प्लास्टिक उलगडून पुन्हा तसं घालून बघितलं. ते फसकन सुटलं.

“कुठेतरी पाणी मुरतंय,” ते म्हणाले.

“मुरत नाही, भावोजी. वरच साचलंय.”

डॉक्टर दवाखान्यात कवळी घासत बसले होते. गप्पांना आसुसलेला माणूस.

“ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी तिला लग्नाचं विचारलं होतं. नाही म्हणाली. का, ते मला ठाऊक होतं. तो ठसा मला बघायचाच नव्हता. पण माझे गुडघे बघा! त्या चढावर दोघींनी मला ओढून नेलं. एकट्याने जाणं माझ्या बापजन्मी जमणार नाही.”

“डबा कुणाला सापडला?”

“तिलाच, थोरलीला. नवल म्हणजे, एरवी धाकटी सशासारखी पुढे पळते आणि पहिली ओरडते. त्या दिवशी खाली बसून राहिली. थकले म्हणाली.”

“सुतार माणसांचे चेहरे कोरायचा?”

“कधीच नाही. झाडं, पक्षी, अवजारं. चेहऱ्याला तो भ्यायचा.” डॉक्टरांनी कवळी पाण्यात टाकली. “आणि दोघी बहिणी म्हणजे एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. देवाने खळीसुद्धा एकच दिली, गाल तेवढे वाटून दिले.”

वाचनालयात ग्रंथपाल नव्या पुस्तकांना प्लास्टिकची वेष्टणं घालत होती. कोपरा दुमड, आत सरकव, तळव्याने दाब. एका आजोबांनी पुस्तक परत करताना काही चेष्टा केली, तशी ती हसली आणि तिच्या उजव्या गालाला खळी पडली. भावोजींना क्षणभर वाटलं, बेकरीवालीच आरशात बसली आहे.

“ताईला म्हणावं, नाद सोड,” ती हळूच म्हणाली. “गेलेल्या माणसाच्या मनात शिरून कुणाचं भलं झालंय?”

“तुम्हाला काय वाटतं, काय कोरलं असेल?”

तिने पुढचं पुस्तक ओढलं. “झाडबीड असेल.” पण तिचा चेहरा उजळला होता, आणि ते भावोजींनाही दिसलं.

बाहेर पडल्यावर ते म्हणाले, “चोरी करून माणूस इतका सुखी दिसतो?”

“ते सुख आता मला काढून घ्यायचंय,” चिमटा म्हणाली. “या धंद्याचा कधी कधी वीट येतो.”

पुढच्या रविवारी सगळे त्याच खडकापाशी जमले. भावोजी धापा टाकत वर पोचले. खाली दरीभर कोवळी पालवी होती, पाण्याचा आवाज येत होता. असल्या जागी बायकोला आणायचं राहून गेलं, हा विचार त्यांच्या मनात आला आणि ठाण मांडून बसला.

चिमटाने उभ्यानेच सुरुवात केली.

“वाटसरूने डबाच नेला असता, नाहीतर फेकला असता. नेणाऱ्याने फक्त ठसा काढला आणि डबा जागच्या जागी ठेवला. म्हणजे हा खेळ खेळणारा माणूस. शाईची गादी उघडली नाही, फडकं कोरं. एकट्याने ठसा उमटवायचा नाही, हा नियम त्याने चोरी करतानाही पाळला. म्हणजे तुमच्यातलाच. कोडं तिघांकडेच होतं. डॉक्टरांना एकट्याने हा चढ झेपत नाही. बेकरीवाली बाई माझ्याकडे आल्या ते ठसा बघायलाच. आणि सुतळी सुटल्यावर डबा पुन्हा बांधला तो पुस्तकाला वेष्टण घालावं तसा. रविवारी पहिलं धावायची सवय असलेली बाई खाली बसून राहिली, कारण शोधण्यासारखं तिला काही उरलंच नव्हतं.”

ग्रंथपालने नाकारलं नाही. ब्लाउजमधून रुमालाची पुरचुंडी काढली. अजून उबदार होती.

“ताई, मी आधी बघायला आले, धीर निघेना म्हणून. आणि बघते तर...” तिने पुरचुंडी सोडली. “मी आहे गं त्यात. माझा चेहरा. तुला काय वाटेल म्हणून लपवला. खोटं कशाला बोलू, मला तो हवाही होता. मीही त्याचीच वाट बघत होते. तुझ्यामुळे कधी बोलले नाही.”

बेकरीवालीचा चेहरा पांढरा पडला. तिने ठसा हातात घेतला. हसणारी बाई, गालावर खळी, उजव्या गालावर.

चिमटाने तो पाहिला आणि तोंड उघडून मिटलं. भावोजींनी हे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

“सुरेख कोरलाय,” बेकरीवाली कष्टाने म्हणाली. “तुझंच नाक. चल, सगळे जमलेत. उमटव. मान तुझा.”

“राहू द्या ना आज,” चिमटा म्हणाली.

“नियम आहे.”

ग्रंथपालने चंदेरी कागद फाडला, ठसा शाईला लावला आणि वहीवर दाबला. उचलला.

कागदावरची बाई हसत होती. खळी डाव्या गालाला होती.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग डॉक्टरांनी चष्मा काढला. मग भावोजींनी थोरलीकडे पाहिलं.

“रबरावर उलटं असतं,” चिमटा हलकेच म्हणाली. “ज्याला जे बघायचं असतं, त्याला हे आठवत नाही.”

ग्रंथपालने बोट स्वतःच्या उजव्या गालावर टेकवलं. मग तिने वही बहिणीच्या मांडीवर ठेवली.

“तुझीच आहे, ताई.”

जे कळावं म्हणून बेकरीवाली जिवाचं रान करत होती, ते तिच्या मांडीवर ओलं होतं. तिचे डोळे भरून वाहू लागले. पण तिने कागदाकडे नाही, बहिणीकडे पाहिलं.

“ठसा जवळ होता ते दिवस कसे गेले गं?”

“फार सुखाचे गेले, ताई.”

बेकरीवालीने ठसा पुसला, रुमालात गुंडाळला आणि धाकटीच्या मुठीत परत दिला.

“ठेव अजून थोडे दिवस,” ती म्हणाली. “माझं उत्तर आता कुठे जात नाही.”